साठवलं ते सापडेल का?

टिपणं ठेवायला आपल्याकडे सर्वांत जास्त वापरलं जाणारं ॲप कुठलं, अशी पैज लागली तर मी व्हॉट्सॲपवर पैसे लावीन. दोघांचा गट करायचा, दुसऱ्याला लगेच बाहेर काढायचं आणि उरलेल्या एकट्याच्या गटात लिंका, गॅसचा ग्राहक क्रमांक, पुस्तकाच्या पानाचा फोटो, व्याख्यानासाठी सुचलेला मुद्दा असं सगळं टाकत राहायचं, ही युक्ती प्राध्यापकांपासून दुकानदारांपर्यंत अनेकांनी आपापली शोधून काढली होती. २०२२च्या अखेरीस कंपनीनेच स्वतःला संदेश पाठवायची सोय दिली आणि दुसऱ्याला काढून टाकायचे कष्ट वाचले. टाकणं याहून सोपं होणार नाही. अडचण येते ती सहा महिन्यांनी, त्यातलं काही परत हवं असतं तेव्हा.

ऑनलाइन साधनांनी वैयक्तिक ज्ञान सांभाळण्याचा विषय गेल्या वीस वर्षांत भलताच फोफावला आहे. त्यावर पुस्तकं आहेत, महागडे अभ्यासवर्ग आहेत, ‘दुसरा मेंदू’ बांधून देण्याची आश्वासनं आहेत. जाहिराती बहुतेक साठवण्याबद्दल बोलतात. मला ही साधनं उलट्या टोकाकडून तपासावीशी वाटतात. ठेवलेलं परत हाती येतं का? आणि साधन उद्या बंद पडलं किंवा नकोसं झालं, तर आपला ऐवज घेऊन बाहेर पडता येतं का? या दोन प्रश्नांपुढे बरीच चकचकीत साधनं नापास होतात आणि काही कंटाळवाणी साधनं सहज पास होतात.

कल्पना संगणकाच्या पडद्याहून जुनी आहे. अमेरिकेत युद्धकाळात वैज्ञानिक संशोधनाच्या सरकारी कामाची धुरा वाहणाऱ्या व्हॅनिव्हर बुश या अभियंत्याने जुलै १९४५च्या ‘द अटलांटिक मंथली’त ‘मेमेक्स’ नावाच्या एका काल्पनिक यंत्राचं वर्णन केलं. एक मेज, त्यात मायक्रोफिल्मवर माणसाची सगळी पुस्तकं, पत्रं, टिपणं. पण बुशचा रोख साठवणुकीवर नव्हताच. ग्रंथालयाची वर्गवारी एका वस्तूला एकच जागा देते आणि मन मात्र एका गोष्टीवरून दुसरीवर उडी मारतं, ही त्याची तक्रार होती. त्याच्या लेखातला वाचक क्रुसेडच्या चकमकींत तुर्कांचं आखूड धनुष्य इंग्रजांच्या लांब धनुष्याहून सरस का ठरलं याचा माग काढतो. विश्वकोशातली नोंद, इतिहासातला उतारा, लवचीकपणावरचं पाठ्यपुस्तक आणि स्वतःच्या हाताचं टिपण तो एकामागून एक जोडत जातो आणि त्या वाटेला नाव देऊन ठेवतो. काही वर्षांनी मित्राशी बोलताना हीच वाट तो पुन्हा उघडतो आणि तिची नक्कल मित्राला देतो. यंत्र कधीच बनलं नाही. पण ‘हायपरटेक्स्ट’ हा शब्द घडवणारा टेड नेल्सन आणि १९६८ साली माउस व दुवे लोकांसमोर चालवून दाखवणारा डग्लस एंगलबार्ट, दोघांनीही हा लेख वाचलेला होता.

प्रत्यक्ष कागदावर हे काम दोन अगदी वेगळ्या रीतींनी झालं. आजची साधनं त्यांतलीच एखादी उचलतात, म्हणून दोन्हींकडे नीट पाहिलं पाहिजे. पहिली रीत पुण्यात आहे. डेक्कन कॉलेजात १९४८ साली सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचं काम सुरू झालं. सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून अभ्यासकांनी शब्दांची अवतरणं चिठ्ठ्यांवर उतरवली. चिठ्ठ्या एक कोटीच्या घरात गेल्या आणि पहिला भाग १९७६मध्ये छापून आला. पुढे पस्तीस भाग झाले तरी काम ‘अ’च्याच पोटात होतं, यावरून त्या मंडळींच्या चिकाटीचा अंदाज यावा. इथे प्रत्येक चिठ्ठीची जागा आधीच ठरलेली आहे, ती म्हणजे वर्णक्रम. शब्द ठाऊक असला की चिठ्ठी मिळते, मग शोधणारा कोणीही असो. लिहिणाऱ्याला निवृत्त होऊन तीस वर्षं झाली तरी काही बिघडत नाही.

दुसरी रीत जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लुहमान याची. १९९८ साली तो वारला तेव्हा त्याच्या लाकडी खणांत सुमारे ९० हजार चिठ्ठ्या होत्या आणि नावावर पन्नासहून अधिक पुस्तकं होती. त्याने विषयवार वर्गवारी जवळपास टाळली. चिठ्ठीला क्रमांक द्यायचा, तिच्यातून फुटलेला विचार शेजारी खोचायचा, म्हणजे ५७/१२च्या मागे ५७/१२अ. दूरच्या चिठ्ठीशी नातं असेल तर तिचा क्रमांक इथे लिहायचा. त्याच्या नंतरच्या, मोठ्या संग्रहाला शब्दसूची होती जेमतेम ३२०० शब्दांची, आणि शब्दापुढे बहुधा दोन-चारच क्रमांक. सूची फक्त आत शिरायची दारं दाखवते, पुढे दुव्यांवरून चालत जायचं. १९८१च्या एका लेखात लुहमान या खणांना आपला संवादातला भिडू मानतो. त्यातून आपण विसरलेलं, म्हणून अनपेक्षित, असं काही समोर येतं, हा त्याचा मुद्दा होता. पण हा संग्रह डेक्कन कॉलेजच्या चिठ्ठ्यांसारखा कोणाच्याही हाती देता येत नाही. बीलेफेल्ड विद्यापीठाने २०११मध्ये तो विकत घेतला आणि त्याचा उलगडा करायला संशोधकांचा आख्खा प्रकल्प उभारावा लागला. स्वतःसाठी उत्तम असलेली व्यवस्था दुसऱ्याला अगम्य असू शकते, आणि पाच वर्षांनंतरचे आपण स्वतःला पुष्कळदा परकेच असतो.

इंटरनेटवरच्या साधनांची पहिली पिढी लिंकांची होती. जोशुआ शॅक्टरने २००३मध्ये ‘डिलिशस’ सुरू केलं. आवडलेलं पान जतन करा, त्याला हव्या त्या खुणा लावा, आणि त्याच पानाला इतरांनी कोणत्या खुणा लावल्या तेही पाहा. एका वस्तूला एकच जागा या बुशच्या तक्रारीवर हा पहिला साधासुधा तोडगा होता, आणि आजही तो मला सर्वांत शहाणा वाटतो. याहूने २००५ साली डिलिशस विकत घेतलं. डिसेंबर २०१०मध्ये ते गुंडाळणार असल्याची आतली स्लाइड बाहेर फुटली, पुढे ते हातोहात फिरत राहिलं आणि २०१७मध्ये ‘पिनबोर्ड’ या छोट्या, पैसे घेऊन चालणाऱ्या प्रतिस्पर्ध्यानेच ते विकत घेऊन टाकलं. गूगल रीडर १ जुलै २०१३ला बंद झाला. ‘नंतर वाचू’ म्हणून लेख बाजूला ठेवण्याचं ‘पॉकेट’ २००७पासून चाललं, मोझिलाने ते २०१७मध्ये घेतलं आणि ८ जुलै २०२५ला बंद केलं. गूगल नोटबुक, स्प्रिंगपॅड, ऑम्निव्होर, यादी लांबवता येईल.

ही साधनं वाईट होती म्हणून बंद पडली नाहीत. दुसऱ्याची आठवण सांभाळणं हा तोट्याचा धंदा आहे. टिपण लिहिणारा माणूस जाहिरातींकडे बघत नाही, तो पडद्यावर रेंगाळत नाही, आणि त्याचा संग्रह जितका वाढतो तितका कंपनीचा खर्च वाढतो. फुकट साधन एक तर बंद होतं किंवा एक दिवस पैसे मागतं. एव्हरनोटचा प्रवास या दुसऱ्या प्रकारचा. २००८मध्ये आलेल्या या हिरव्या हत्तीने कोट्यवधी लोकांना टिपणांची सवय लावली. २०१६मध्ये फुकट खातं दोन उपकरणांपुरतं उरलं. मग इटलीच्या बेंडिंग स्पून्स या कंपनीने ते घेतलं आणि २०२३च्या डिसेंबरात फुकट मर्यादा ५० टिपणं आणि एकच वही इतकी आखडली. कंपनीच्या दृष्टीने हे गैर म्हणता येणार नाही. पण हजारो टिपणं आत अडकलेल्या माणसाला तेव्हा पहिल्यांदा दाराची आठवण होते. नोशन या टिपणांच्याच दुसऱ्या ॲपचा किस्सा आणखी बोलका आहे. अमेरिकी निर्बंधांमुळे सप्टेंबर २०२४मध्ये त्यांनी रशियातल्या वापरकर्त्यांची खाती बंद केली. टिपणं मॉस्कोतल्या माणसाची, आणि ती उघडायची की नाही हे ठरलं वॉशिंग्टनमध्ये.

बाहेर पडण्याचा हक्क कायद्यात असू शकतो. युरोपात २०१८पासून लागू असलेला विदा संरक्षण नियम आपली माहिती यंत्राला वाचता येईल अशा रूपात मागून घेण्याचा आणि दुसरीकडे नेण्याचा हक्क देतो. भारतात २०१९च्या विधेयकात तशी तरतूद होती. २०२३मध्ये संमत झालेल्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यातून ती गळली. माहिती दुरुस्त करण्याचा, पुसून टाकण्याचा हक्क आहे, सोबत घेऊन जाण्याचा नाही. तेव्हा आपल्याला हक्कावर नव्हे, फाइलच्या प्रकारावर विसंबावं लागतं.

इथेच २०२०च्या आसपास आलेल्या पिढीचं खरं योगदान आहे. रोम रिसर्च, ऑब्सिडियन, लॉगसेक या साधनांनी लुहमानचे दुवे पडद्यावर आणले. एका टिपणातून दुसऱ्याचं नाव घेतलं की दुसऱ्यातही आपोआप नोंद होते, की अमुक ठिकाणी तुझा उल्लेख आहे. रोमने ही लाट उठवली, पण ते महाग आणि पूर्ण ऑनलाइन होतं. ऑब्सिडियनने तीच सोय साध्या टेक्स्ट फाइलींवर दिली. या फाइली आपल्याच संगणकावर राहतात, कंपनी उद्या नाहीशी झाली तरी नोटपॅडमध्ये उघडतात. दुव्यांचा गाजावाजा जास्त झाला. मला विचाराल तर साधी फाइल हेच त्यातलं महत्त्वाचं पाऊल. सगळ्या टिपणांचं ठिपके आणि रेषांचं जे जाळं ही साधनं दाखवतात, ते दिसतं सुरेख, पण त्यात पाहून कोणाला काही सापडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

या लाटेबरोबर पद्धतींचा बाजारही भरला. झोंके आरेन्स यांच्या २०१७च्या पुस्तकाने लुहमानची रीत विद्यार्थ्यांपर्यंत नेली. त्यातला एक आग्रह पटण्यासारखा आहे: उतारा चिकटवू नका, वाचलेलं स्वतःच्या पूर्ण वाक्यांत लिहा. त्याने वेग निम्म्यावर येतो, आणि तेच हवं असतं. टिआगो फोर्टे यांची २०२२मध्ये पुस्तकरूपाने आलेली पद्धत अधिक व्यवहारी आहे. हाती असलेली कामं, कायमच्या जबाबदाऱ्या, संदर्भ आणि झालं-गेलं असे चार कप्पे, बस. कार्यालयीन माणसाला ती उपयोगी पडते. मात्र दोन्ही पंथांच्या अनुयायांत एक रोग सर्रास दिसतो. रचना लावण्यातच शनिवार-रविवार जातात, साचे बदलले जातात, रंग ठरतात, आणि लिहायचा लेख राहतोच.

नीट लावून ठेवण्याने सापडणं सोपं होतं का, यावर एक चांगलं संशोधन आहे. स्टीव्ह व्हिटेकर आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये ३४५ जणांच्या ईमेल वापरातल्या ८५ हजारांहून अधिक शोधकृती तपासल्या. निरनिराळे फोल्डर करून टपाल लावून ठेवणाऱ्यांना, न लावणाऱ्यांपेक्षा जास्त यश मिळत नव्हतं. उलट लावण्यात वेळ जात होता आणि शोधपट्टी वापरणारे काम लवकर उरकत होते. टपालाला लागू ते विचारांच्या टिपणांना जसंच्या तसं लागू होईल असं नाही, पण कप्प्यांवरची श्रद्धा जरा सैल व्हायला हरकत नाही. त्याच वर्षी बेट्सी स्पॅरो आणि सहकाऱ्यांचा ‘सायन्स’मधला निबंध फार गाजला. माहिती संगणकात राहणार आहे असं कळलं की माणसं ती लक्षात ठेवत नाहीत, तिची जागा लक्षात ठेवतात, असं त्याचं सांगणं. वर्तमानपत्रांनी ‘गूगलने स्मरणशक्ती खाल्ली’ असे मथळे दिले. पुढे २०१८मध्ये त्यातला एक प्रयोग दुसऱ्या संशोधकांनी पुन्हा करून पाहिला, तेव्हा तसा निष्कर्ष आला नाही. त्या बातमीला मथळे मिळाले नाहीत. संग्रहालयातल्या वस्तूंचे फोटो काढणाऱ्यांना, नुसत्या पाहणाऱ्यांपेक्षा त्या कमी आठवतात, हे लिंडा हेंकेल यांनी दाखवलं. पण वस्तूच्या एखाद्या भागावर कॅमेरा जवळ नेऊन फोटो घेतला तर हा तोटा दिसेनासा झाला. फोनच्या गॅलरीत पुस्तकांच्या पानांचे शेकडो फोटो असणाऱ्यांनी एवढा भाग जरूर लक्षात घ्यावा.

संशोधन करणाऱ्यांसाठी एका साधनाचं नाव बिनदिक्कत सांगता येतं, ते झोटेरो. जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहास केंद्राने २००६मध्ये ते काढलं. ते मुक्त आहे, ना-नफा संस्था चालवते, पुस्तकाचा तपशील एका क्लिकमध्ये उचलतं, शेवटी संदर्भसूचीही लावून देतं. फाइली साठवायला जास्त जागा हवी तर तेवढीच विकत घ्यायची. पीएच.डी. करणाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात ते शिकून घेतलं तर प्रबंधाच्या शेवटच्या महिन्यातली रडारड टळेल.

आता मराठीकडे. या विषयावरच्या पुस्तकांत ही बाजू येतच नाही, कारण ती इंग्रजीत टिपणं काढणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात. पहिली अडचण फॉन्टची. नव्वदच्या दशकापासून श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांत आपल्याकडे अफाट मजकूर टाइप झाला. त्या फाइली उघडल्या की मराठी दिसतं खरं, पण आत संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असते. तिथे ‘शेती’ शोधून काही मिळत नाही. ज्यांच्याकडे असे लेख, प्रबंध, अंकांचे अंक पडून आहेत, त्यांनी ते युनिकोडमध्ये बदलून घेतल्याशिवाय कोणतंही साधन त्यांच्या उपयोगाचं नाही.

दुसरी अडचण युनिकोडमध्येही सुटत नाही, ती आपल्या व्याकरणाची आहे. इंग्रजीत ‘वॉटर’ शोधला की सगळीकडचा ‘वॉटर’ येतो. मराठीत ‘पाणी’ शोधलं तर ‘पाण्याचा’, ‘पाण्यावर’ सुटून जातात. ‘विहीर’ शोधलं तर ‘विहिरीत’ हुकते, कारण सामान्यरूपात ‘ही’चा ऱ्हस्व ‘हि’ होतो. ‘फूल’ आणि ‘फुलांचा’, ‘मूल’ आणि ‘मुलांना’, हाच घोटाळा. म्हणजे मराठी लेखकाच्या संग्रहातल्या ज्या वाक्यांत तो शब्द खरोखर कामाला लागलेला असतो, नेमकी ती वाक्यं शोधात येत नाहीत. अक्षरं जुळवत जाणाऱ्या साध्या शोधात ‘पाण’, ‘विह’ असं तोडून टाकलं तर दोन्ही रूपं पकडता येतात, सोबत ‘पाणबुडी’ आणि ‘विहार’ही येतात, तेवढं सोसायचं. पूर्ण शब्दांची सूची करून चालणाऱ्या शोधात ही युक्तीही फसते. त्यातच काही अक्षरं दिसायला एक आणि आतून दोन आहेत. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी आणि अनेक कीबोर्डांवर नंतरही ते ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलं गेलं. त्यामुळे ‘ॲप’ या शब्दाच्या डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या दोन प्रती संग्रहात नांदू शकतात आणि एकीला दुसरीची खबर नसते. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतल्या ‘ऱ्या’चंही असंच.

यावर मला ठाऊक असलेला उपाय जुन्या सूचिकारांचा आहे. प्रत्येक टिपणाच्या माथ्यावर एक ओळ ठेवायची आणि तीत विषयाचे शब्द मूळ रूपात, प्रत्यय न लावता लिहायचे: पाणी, विहीर, दुष्काळ, १९७२, माणदेश. गाव, माणूस, साल आणि आपण हा मजकूर ज्या कामासाठी घेतला त्याचं नाव, एवढं असलं तरी पुरे. हे लिहायला लागणाऱ्या अर्ध्या मिनिटात, हे आपण ठेवतोय कशाला, असा प्रश्न पडतो आणि काही टिपणं तिथेच रद्द होतात. छापील पानांसाठी गूगल ड्राइव्हची अक्षरओळख मराठी बऱ्यापैकी वाचते. फोटो तसाच ठेवण्यापेक्षा मजकूर काढून घेतलेला बरा. बोलून टाइप करण्याची सोयही आता कामचलाऊ राहिलेली नाही, चालता चालता मुद्दा टिपायला ती उत्तम. फक्त विरामचिन्हं नंतर आपली आपण घालावी लागतात.

शेवटची लाट कृत्रिम बुद्धिमत्तेची. गूगलचं नोटबुकएलएम २०२३मध्ये आलं. आपण दिलेली कागदपत्रं वाचून ते त्यांतूनच उत्तर देतं आणि कोणत्या उताऱ्यावरून दिलं तेही दाखवतं. मराठी वाचकाला याचा एक फायदा इंग्रजी वाचकापेक्षा जास्त आहे. हा शोध अक्षरांवर नव्हे, अर्थावर चालतो, म्हणून ‘पाणी’ विचारलं तर ‘पाण्याचा’ येतो आणि ‘जलसाठा’ही येतो. सामान्यरूपाचा अडसर इथे पहिल्यांदा खऱ्या अर्थाने दूर झाला आहे. माझी हरकत सारांशाला आहे. न वाचलेल्या तीनशे पानांचा गोळीबंद गोषवारा मिळाला की ती वाचल्यासारखी वाटतात, आणि त्या गोषवाऱ्यात एखादं वाक्य मूळ मजकुरात नसलेलंही असू शकतं. शोधायला हे साधन वापरावं, समजून घ्यायला नाही. शिवाय जे कागद आत घालतो ते कंपनीच्या संगणकावर जातात. वकिलाने अशिलाची कागदपत्रं किंवा पत्रकाराने खबऱ्याशी झालेलं बोलणं तिथे चढवण्याआधी अटी वाचलेल्या बऱ्या.

मग ठेवायचं कुठे? माझं मत साधं आहे. पकडायला व्हॉट्सॲप किंवा हाताशी असेल ते. आठवड्यातून एकदा त्यातलं कामाचं उचलून साध्या फाइलींत, बाकीचं पुसून. संदर्भ झोटेरोत. संगणकावरच्या फोल्डरची एक प्रत ऑनलाइन, एक बाहेरच्या डिस्कवर. ज्यांना हे रुक्ष वाटतं त्यांनी नोशन वापरावं, पण तीन महिन्यांतून एकदा सगळं निर्यात करून ती फाइल उघडून पाहावी. नोशनमधले तक्ते बाहेर आल्यावर कसे दिसतात हे पाहिलं की बरेच निर्णय आपोआप होतात.

एक काम मात्र आजच उरकण्यासारखं आहे. दोन वर्षं न वापरलेली खाती पुसण्याचं धोरण गूगलने २०२३मध्ये जाहीर केलं आणि त्या डिसेंबरपासून अंमलात आणायला सुरुवात केली. लुहमानचे खण विद्यापीठाला विकत घेता आले, कारण ते लाकडाचे होते. आपलं ड्राइव्ह आणि जीमेल वारसांना परस्पर मिळत नाही. त्यासाठी गूगलच्या सेटिंगमध्ये ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ नावाची सोय २०१३पासून आहे. तीन ते अठरा महिन्यांपैकी मुदत निवडायची, जास्तीत जास्त दहा जणांची नावं द्यायची, आणि कोणाला काय मिळावं ते ठरवायचं. यादीत घरच्यांबरोबर आपलं काम समजणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याचंही नाव घालावं.